निवाऱ्यातून कुत्रा-मांजर घरी आणताना: काय विचारायचं, काय तपासायचं, काय करायचं नाही

उंबरठा

दत्तक घ्यायचा विषय निघाला की चर्चा वय, रंग, आकार यांभोवतीच फिरते. जनावर परत निवाऱ्यात पोचतं ते मात्र निराळ्याच कारणांनी. पहिल्याच दिवशी दहा माणसांना दाखवलं, दुसऱ्या दिवशी आंघोळ घातली, तिसऱ्या दिवशी घरातल्या आधीच्या मांजरासमोर नेऊन बसवलं आणि आठवड्याच्या आत ते कुणावर तरी गुरगुरलं. मग "हा कुत्रा घातकी निघाला".

माझं म्हणणं एवढंच: निवडायला भरपूर वेळ घ्या आणि घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे शक्य तितकं कमी करा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

निवाऱ्यात गेल्यावर पिंजऱ्यांकडे वळण्याआधी फाईल मागा. जनावर आलं कुठून, हे पहिलं बघायचं. मालकाने आणून सोडलं असेल तर घरातल्या वागण्याची थोडी तरी माहिती लिहिलेली असते, रस्त्यावरून उचललं असेल तर पाटी कोरी असते आणि तसं स्पष्ट सांगणारा निवारा चांगला. लसींची नोंद तारखेनिशी हवी, शक्यतो बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं. "सगळ्या लसी झाल्यात" हे तोंडी वाक्य नोंद म्हणून धरू नका. नसबंदी झाली असेल तर कधी, कातडीखाली ओळखीची चिप असेल तर नंबर. चावल्याची नोंद असेल तर कुणाला, कशात, आणि कातडी फाटली होती का. जखमेवर मलम लावताना घेतलेला चावा आणि वाटेने जाणाऱ्याला घेतलेला चावा यांत फार फरक आहे.

आणि शेवटचं, जे लोक लाजून विचारत नाहीत: जमलं नाही तर परत घेता का, किती मुदतीत? करारात ते लिहिलेलं असावं. जो निवारा प्राणी कधीही परत घ्यायला तयार असतो, तो सहसा देतानाही नीट पारखून देतो.

माहितगारांनी भर घालावी. कौतुकाच्या फोटोंसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे.

नळीतलं_शेपूट

चांगला धागा. निवडीबद्दल भर.

पिंजऱ्यातला कुत्रा आणि बाहेरचा कुत्रा हे दोन वेगळे कुत्रे समजा. जाळीमागून दिवसभर माणसं आणि इतर कुत्री दिसतात, पण जवळ जाता येत नाही, त्यातून भुंकणं आणि जाळीवर उड्या मारणं येतं. तोच कुत्रा बाहेर पट्ट्यावर पाच मिनिटांत शांत होऊ शकतो. उलटही घडतं. कोपऱ्यात गप्प बसलेला "किती शहाणा" वाटतो, प्रत्यक्षात तो भीतीने थिजलेला असतो.

म्हणून बाहेर काढून बघायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं त्याला नुसतं हुंगू द्यायचं, हाका मारायच्या नाहीत. मग बघायचं: स्वतःहून तुमच्याकडे वळून बघतो का? जवळ येऊन बाजूने टेकतो का? छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवून हात काढून घ्या. पुन्हा जवळ आला तर स्पर्श हवाय. तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली, अंग झटकलं तर नको म्हणतोय. डोक्यावरून हात फिरवून परीक्षा घेऊ नका, अनोळखी माणसाचा हात डोक्यावर आलेला बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. शक्य असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी दुसरी भेट घ्या.

आणखी एक. निवाऱ्यात जेवणाच्या भांड्यावर गुरगुरणारा कुत्रा घरीही गुरगुरेलच असं नाही, आणि तिथे न गुरगुरणारा घरी गुरगुरणार नाही अशीही हमी नाही. त्या एका चाचणीवर निर्णय सोडू नका. कुत्रा काही दिवस एखाद्या फॉस्टर घरात (निवाऱ्याच्या वतीने तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरात) राहिलेला असेल तर तिथल्या माणसाशी केलेला दहा मिनिटांचा फोन सगळ्या चाचण्यांपेक्षा उपयोगी.

एकाच वेताची दोन कुत्र्याची पिल्लं एकदम नेऊ नका. एकमेकांतच गुंततात, दोघांचं शिक्षण वेगवेगळं करावं लागतं आणि ते कुणी करत नाही. मांजराच्या पिल्लांचं मात्र उलट आहे, जोडीने नेलेली जास्त बरी: चावण्याची मर्यादा एकमेकांकडून शिकतात, तुमच्या पायांवर कमी शिकतात.

दोन_थेंब

वैद्यकीय बाजू लिहितो.

निवाऱ्याचा तंदुरुस्तीचा दाखला म्हणजे त्या दिवशीची तपासणी. पार्वोची (उलट्या-जुलाब लावणारा जीवघेणा विषाणूजन्य रोग) लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी १४ सुद्धा. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाला त्याहूनही जास्त लागू शकतात. निघताना उड्या मारणारं पिल्लू पाचव्या दिवशी मलूल पडलं तर निवाऱ्याने फसवलं असं समजायचं कारण नाही. घरात दुसरं जनावर असेल तर नव्याला १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं, भांडी-अंथरूण वेगळं, आधी जुन्याचं काम उरकून मग नव्याच्या खोलीत जायचं, आणि बाहेर आल्यावर हात धुवून कपडे-चपला बदलायच्या.

लसींचं गणित: पिल्लांना ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. शेवटचा डोस चुकवायचा नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं आधीच्या डोसांना निकामी करू शकतात. ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलतं, म्हणून तर डोस पुन्हापुन्हा द्यावे लागतात. "दोन इंजेक्शनं झाली होती तरी पार्वो कसा झाला" याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, पुढचा डोस वर्षाने.

जंताचं औषध एकदा देऊन भागत नाही. ते आतड्यातल्या मोठ्या जंतांना मारतं, शरीरात फिरत असलेल्या अळ्या राहतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्या मोठ्या होतात. म्हणून पुन्हा द्यायचं, दर वेळी ताज्या वजनावर मात्रा काढून.

पार्वो होऊन गेलेल्या घरात विषाणू महिनोन् महिने तग धरतो आणि स्पिरिट किंवा सुवासिक फरशीक्लीनर त्याला पुरत नाही. घरगुती ब्लीच (साधारण ५ टक्के) १ लिटर पाण्यात ३० मिली, आणि पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. आधी साबणाने घाण काढून पाण्याने स्वच्छ धुवायचं, कारण घाणीत ब्लीच वाया जातं आणि लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्रासदायक वायू होतो. द्रावण रोज ताजं करायचं.

गोंधळलेला_बोका

घरात आधीच आठ-दहा वर्षांचा बोका असेल आणि निवाऱ्यातून तरुण भाटी आणायची असेल तर ते १४ दिवस धरून एकूण किती वेळ लागतो? आणि पहिल्या दिवसापासून शिंका येत असतील तर परत नेऊन द्यावी का?

मांजरपाट

शिंकांचं आधी. निवाऱ्यातल्या मांजरांत नागीणवर्गीय विषाणू खूप आढळतो. एकदा शरीरात गेला की तो तिथेच दबा धरून राहतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. घर बदलणं हा मोठा ताण, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत शिंका आणि पाणावलेले डोळे दिसणं अगदी नेहमीचं. खात-पीत असेल तर परत नेऊ नका, पशुवैद्याला दाखवा. नाकातला स्राव घट्ट पिवळा-हिरवा झाला, डोळा मिटून धरला किंवा खाणं थांबलं तर त्याच दिवशी दाखवा. मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर "रुसली आहे" म्हणून सोडून देऊ नका. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि त्यावर जीव जाऊ शकतो. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास नसला की मांजर खात नाही, म्हणून ओलं अन्न किंचित कोमट करून द्या.

एफआयव्ही आणि फेल्व्ह (मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारे दोन विषाणू) या दोन तपासण्या झाल्याचा कागद बघा. पिल्लू लहान असताना आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे एफआयव्ही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, सहा महिन्यांनंतर पुन्हा करावी.

आता ओळखीबद्दल. विलगीकरणाचे दिवस फुकट जात नाहीत, तेव्हाच वासाची ओळख सुरू होते. भाटीच्या गालांवरून कापड फिरवून ते बोक्याच्या आवडत्या जागेजवळ ठेवा, त्याचं तिच्या खोलीत. (रोगाची शंका असेल तर हे विलगीकरण संपल्यावरच.) मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, भांडी रोज थोडी जवळ. दोघं दाराला टेकून निवांत खायला लागली की दार दोन बोटं उघडं किंवा मध्ये जाळी. फिस्कारणं चालतं, टक लावून एकाग्र बघणं आणि अंग ताठ करणं चालत नाही, तसं झालं की एक पायरी मागे. यासाठी दोन आठवडे पुरतात किंवा दोन महिने लागतात, कॅलेंडर बघून दार उघडू नका. एकदा झटापट झाली तर ती विसरायला लावण्यात महिना जातो.

लिटर बॉक्स (शू-शीसाठी मातीचा डबा) मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि ते वेगवेगळ्या जागी. एकाला एक लागून ठेवलेले तीन डबे मांजराच्या लेखी एकच. लांबी मांजराच्या दीडपट, माती ५ ते ७ सेंटीमीटर खोल, बिनवासाची. झाकणाचे सुगंधी डबे माणसांच्या सोयीसाठी विकले जातात.

टेकाड

तीन दिवस-तीन आठवडे-तीन महिने हा नियम अजून कुणी कसा लिहिला नाही? तीन दिवसांत बिचकणं कमी, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं.

नळीतलं_शेपूट

@टेकाड, ढोबळ अंदाज म्हणून ठीक, पण लोक तो वेळापत्रकासारखा वापरतात. त्यातला खरा कामाचा भाग म्हणजे तिसरा आठवडा. पहिले काही दिवस कुत्रा दबून असतो, खरं वागणं त्यानंतर बाहेर पडतं. सोफ्यावरून उठवल्यावर गुरगुरणं, दारावरची बेल, एकटं राहिल्यावर रडणं, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागलं तर कुत्रा बिघडला नाही, मोकळा झाला.

त्यासाठी आधीच दोन सवयी लावा. एक, पहिल्या दिवसापासून त्याला थोडं थोडं एकटं ठेवा: अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच. आठवडाभर सुट्टी काढून चोवीस तास जवळ बसायचं आणि सोमवारी आठ तास गायब व्हायचं, हा एकटेपणाची भीती बसवण्याचा हमखास मार्ग आहे. दुसरी, तोंडातली वस्तू हिसकायची नाही, तिच्यापेक्षा चांगली देऊन बदलून घ्यायची. जेवताना भांड्यात हात घालून "सवय लावणं" बंद करा, त्याने खाण्याची राखण वाढते. आणि गुरगुरण्याला शिक्षा करू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, ती दाबली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतात.

खाणं बदलायचं तर निवाऱ्यात जे देत होते त्याची आठवडाभराची शिदोरी मागून घ्या. पहिले दोन-तीन दिवस तेच, मग पाव भाग नवं, निम्मं, पाऊण, असं ७ ते १० दिवसांत. एकदम बदललं की जुलाब लागतात आणि मग ते पार्वोचे, जंताचे की खाण्याचे हे ओळखता येत नाही.

अबोली_२

आंघोळीबाबत असहमत. पिसवा-गोचिडांनी भरलेला कुत्रा आंघोळीशिवाय घरात कसा घेणार?

दोन_थेंब

@अबोली_२, आंघोळीने गोचीड जात नाही. गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध लागतं. त्यातली काही मानेवरची औषधं आंघोळीच्या आगेमागे दोन दिवसांत वापरली तर नीट पसरत नाहीत, पाकिटावर लिहिलेलं असतं. म्हणजे आंघोळीची घाई उपचारालाच आड येते. दिसणारे गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचे. तेल, स्पिरिट, काडी काही लावायचं नाही. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त असं दिसलं तर रक्त तपासा, प्लेटलेट्सकडे बघा. अंग फारच मळलं असेल तर ओल्या कापडाने पुसा, किंवा निवाऱ्यातूनच धुवून घ्या. तिथले लोक त्याच्या ओळखीचे असतात.

मांजर असलेल्या घरासाठी ठळक अक्षरांत: कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही, आणि मांजराला पॅरासिटॅमॉल कधीच द्यायचं नाही. अर्धी गोळीसुद्धा मारू शकते. घरात लिलीची फुलं असतील तर तीही काढा, त्यांच्या परागकणांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

कानकट

पळून जाण्याबद्दल कुणी बोललं नाही. नवा कुत्रा हरवण्याचा धोका सर्वांत जास्त पहिल्या काही दिवसांत असतो. घर कुठलं हे त्याला अजून माहीत नसतं आणि नाव हाक म्हणून रुजलेलं नसतं. साधी कॉलर घाबरलेला कुत्रा मागे ओढून डोक्यावरून काढतो. मार्टिंगेल कॉलर (ओढल्यावर थोडी आवळणारी) आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही घाला, पट्टा दोन्हींत अडकवा. गाडीचं दार उघडण्याआधी पट्टा हातात, घराचं बाहेरचं दार उघडण्याआधी आतलं दार बंद.

सुटलाच तर मागे धावू नका, नावाने ओरडत फिरू नका. बाजूला वळून खाली बसा, नजर दुसरीकडे, खाणं जमिनीवर.

चिपबद्दल गैरसमज बरेच. ती जीपीएस नव्हे, तिच्यात बॅटरी नसते. १५ आकडी नंबर असतो, तो यंत्र जवळ नेल्यावरच वाचला जातो. त्या नंबरापुढे नोंदवहीत जुन्या मालकाचा किंवा निवाऱ्याचा फोन असेल तर सापडलेला कुत्रा तिकडेच जाईल. दत्तकपत्रावर सही केली त्याच दिवशी नोंद बदलून घ्या आणि पहिल्या तपासणीत चिप वाचून बघा. कधी ती खांद्यावरून सरकून कोपरापर्यंत गेलेली असते, तेव्हा यंत्र सगळीकडे फिरवायला सांगा.

वाटसरू_९

थोडं विषयांतर. झुडपात किंवा जिन्याखाली मांजराची इवलीशी पिल्लं एकटीच दिसली तर लगेच उचलून निवाऱ्यात द्यायची का?

मांजरपाट

विषयांतर नाही, निवारे भरतात ते यामुळेच. उत्तर: बहुतेक वेळा नाही.

भाटी खायला शोधायला जाते आणि काही तास परतत नाही. पिल्लं स्वच्छ, पोट भरलेली, एकमेकांवर झोपलेली असतील तर आई आहे. तुम्ही तिथे उभे आहात म्हणून ती येत नाहीये. लांब जा. खात्री करायची तर भोवती पिठाची बारीक रेघ मारा, पायाचे ठसे उठले की समजेल. मळकी, सतत ओरडणारी, गार पडलेली पिल्लं मात्र उचलायची.

उचलली तर क्रम महत्त्वाचा: आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाचं आतडं चालत नाही, दिलेलं दूध आतच नासतं किंवा फुप्फुसात जातं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकू शकेल. तोंडात बोट घातल्यावर आतून ऊब जाणवली की मगच पाजायचं. गाईचं दूध नको, मांजरांसाठीची दूधपावडर. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला जास्तीत जास्त ४ मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पोटावर पालथं ठेवून पाजायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा. प्रत्येक पाजण्याआधी किंवा नंतर ओल्या मऊ कापडाने शेपटीखाली हळू चोळायचं. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला त्याशिवाय शू-शी होत नाही.

रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. जन्मताना साधारण १०० ग्रॅम असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वजन वाढलं नाही तर सावध, घटलं तर डॉक्टर. वय ओळखायला: डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात, पुढचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतात.

कानकट

आणि आई सापडली तर पिल्लं दूध सोडायच्या वयाची झाल्यावर तिची नसबंदी. दूध पाजत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते, आणि पिल्लू चार महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं. गर्भकाळ सुमारे ६३ दिवस. गणित करून बघा.

भटक्यांना खायला घालणाऱ्यांवर टीका होते. पण ठरल्या वेळी, ठरल्या जागी, अर्ध्या तासात भांडी उचलून नेणारा माणूस असेल तर नसबंदीसाठी पकडण्याचं निम्मं काम झालेलं असतं. येतात किती, नवं कोण, कुणाचा कान कापलेला नाही (म्हणजे नसबंदी व्हायची आहे), हे त्यालाच माहीत असतं. उष्टं सांडून निघून जाणारा मात्र शेजाऱ्यांचा राग जनावरांवर ओढवून घेतो.

पकडायच्या आदल्या दिवशी खाणं बंद, पाणी चालू. पिंजऱ्याच्या तळाला कागद, आमिष चमचाभर आणि अगदी मागच्या टोकाला, म्हणजे दार पाडणाऱ्या फळीवर पाय पडतो. दार पडताक्षणी पूर्ण पिंजरा चादरीने झाका, अंधारात मांजर शांत होतं. शस्त्रक्रियेआधी मोठ्यांना रात्रभर उपाशी ठेवतात, पिल्लांना चार तासांपेक्षा जास्त नाही, नाहीतर साखर उतरते. नंतर बोका साधारण एक दिवस आणि भाटी दोन दिवस बंद ठेवून, पूर्ण शुद्धीवर आल्यावर जिथून उचललं तिथेच सोडायचं. दुसऱ्या मोहल्ल्यात सोडलेलं जनावर जगण्याची शक्यता कमी, आणि रिकाम्या जागेत नवी, नसबंदी न झालेली येतात. नसबंदीनंतर काही आठवडे बोक्यापासून गर्भ राहू शकतो, तेव्हा "ऑपरेशन फसलं" म्हणून फोन करू नये.

दोन_थेंब

जखमी जनावर उचलण्याबद्दल. कितीही ओळखीचं असलं तरी दुखत असताना चावतं. कुत्र्याला मुसकं बांधायचं, नसेल तर रुंद पट्टीचं. पण उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा नाक-तोंडाला मार असेल तर मुसकं नको. मांजरावर जाड टॉवेल टाकून गुंडाळून उचला. पाठीला मार वाटला तर फळीवर सरकवून न्या. रक्त वाहत असेल तर कापड दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. त्यावर कुठलाही लेप नको. मग त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर. कुत्र्या-मांजरावर दहा दिवस नजर ठेवतात हे खरं, पण दहा दिवस थांबून मग लस घ्यायची असा त्याचा अर्थ नाही: लस लगेच सुरू, आणि जनावर दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतात. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते विचारून घ्या. निवाऱ्यात नियमित काम करणाऱ्यांनी लस आधीच घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीप्रमाणे ० आणि ७ व्या दिवशी दोन डोस.

टेकाड

घरी जनावर ठेवणं शक्य नसलेल्यांनी काय करावं? दर वेळी जुने कपडे नेऊन देणं एवढंच सुचतं.

उंबरठा

नेण्याआधी फोन करून विचारा. टॉवेल, चादरी, वर्तमानपत्रं बहुधा लागतात. उशा आणि कापसाची गादी नको असते, फाडून गिळली तर आतडं अडतं. उघडलेलं खाणं आणि मुदत संपलेली औषधं कुणी घेत नाही.

वस्तूंपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि तोही ठरलेला. दर मंगळवारी दोन तास येणारा माणूस उत्साहाने एकदा येणाऱ्या दहा जणांपेक्षा कामाचा. फिरवणं, लाजऱ्या मांजरांशेजारी नुसतं वाचत बसणं, नीट फोटो काढणं (जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून, उजेडात, जाळी न दिसता), फाईलमधल्या नोंदी संगणकावर चढवणं, गाडी असेल तर दवाखान्याची ने-आण. आणि दोन आठवड्यांचं फॉस्टरिंग: शस्त्रक्रियेनंतरचं एखादं जनावर, दूध पिणारी पिल्लं किंवा पिंजऱ्यात खाणं सोडलेला म्हातारा कुत्रा. घेण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरवा: औषधाचा खर्च कुणाचा, रात्री काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन, आणि मुदत संपल्यावर जनावर न्यायला कोण येणार. तिसरी विचारायची राहून जाते आणि दोन आठवड्यांचे पाच महिने होतात.

गोंधळलेला_बोका

@मांजरपाट, सविस्तर उत्तराबद्दल आभार. फक्त एक: दाराच्या फटीतून दोघं पंजे घालून खेळतात, पण जाळी लावली की बोका ताठ होतो. पायरी मागे म्हणजे पुन्हा कापडापासून का?

मांजरपाट

नाही, एवढं मागे नको. जाळीवर वरून अर्ध्यापर्यंत चादर टाका, म्हणजे खालचे पाय दिसतील, डोळे नाहीत. तो तिथे आरामात खायला लागला की रोज चादर चार बोटं वर.